सतरा नंबरचा दगड

योरो सांगारे मर्तिकाला जायला निघाला तेव्हा त्याच्या बायकोनं, सालिमातानं, त्याला दारातच अडवलं.

"तिथं जाऊन हसवणार आहेस, की माफी मागणार आहेस? आधी ठरव. दोन्ही एका तोंडानं होत नाही."

"बोबोच्या मर्तिकाला फुलानी कशाला जातो? हसवायला."

"आणि ते हसले नाहीत तर?"

योरोनं मर्तिकात द्यायच्या कोलाच्या बियांची पुडी पिशवीत उगाच खालीवर केली, चपला झटकल्या आणि तो सिकासोच्या मोटारतळाकडे चालू लागला. एप्रिल महिना होता, १९८६ साल. माली आणि बुर्किना फासो या दोन शेजाऱ्यांची पाच दिवसांची लढाई संपून चार महिने होत आले होते. सीमेपलीकडे, बोबो-दिउलासो शहराजवळच्या कूमी गावात, त्याचा जुना बोबो दोस्त अन्सेल्म मिलोगो फेब्रुवारीअखेर वारला होता. माती तेव्हाच झाली. पण मोठं मर्तिक, म्हणजे वाद्यं, मुखवटे, नातेवाईक आणि बाजरीच्या दारूचे रांजण, ते पेरणीच्या आधी कडक उन्हात करायची तिकडची रीत. त्याला योरोनं जायलाच हवं होतं. बोलावणं लागत नाही. थट्टेच्या सोयऱ्याला कोण बोलावणार?

फुलानी आणि बोबो या दोन जमातींचं नातं थट्टेचं. कुणी लावून दिलं, कधी, कुणालाच ठाऊक नाही. फुलान्यानं बोबोला गुलाम म्हणायचं, सुरवंटखाऊ म्हणायचं, दारूचा रांजण म्हणायचं. बोबोनं फुलान्याला गुरंचोर म्हणायचं, बायकोपेक्षा गाईवर जास्त जीव असलेला वाळका बोंबील म्हणायचं. कुणी रागवायचं नाही. जो रागावला तो हरला. बोबोच्या घरी कुणी वारलं की फुलानी येणार, मेलेल्याची टोपी घालून त्याची नक्कल करणार, त्याच्या चटईवर आडवा पडून "आता हे घर माझं" म्हणणार आणि रडणाऱ्यांना हसायला लावणार. त्यानं स्वतः मात्र रडायचं नाही. रडायला घरचे असतात. एवढ्या सगळ्या मोकळीकीला अट एकच: एकमेकांचं खरोखरीचं वाईट करायचं नाही, आणि एकमेकांविषयी गंभीर चेहऱ्यानं खोटं बोलायचं नाही.

योरोनं नेमकी तीच अट मोडली होती, आणि तीही रेडिओवर.

मोटारतळावर जुनी पेजो गाडी माणसं भरायची वाट बघत उभी होती. योरो खिडकीपाशी बसला. समोर आंब्यांचे ढीग लागले होते. अन्सेल्म दर वर्षी याच दिवसांत इथं उतरायचा आणि पहिला आंबा हातात घेऊन सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं विचारायचा, "हा आंबा मालीचा आहे, की फुलान्यानं आमच्याकडून चोरून आणलाय?" आंबेवाल्या बायका त्याची वाट बघायच्या. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीनं योरोला विचारलं होतं, "तुमचा तो बोबो यंदा आला नाही?" योरोनं मान हलवली आणि आंबे न घेताच तो घरी आला.

बाहत्तर सालची गोष्ट. तेव्हा बुर्किनाचं नाव अप्पर व्होल्टा होतं आणि योरो त्रेचाळीस वर्षांचा सरकारी मोजणीदार होता. दोन्ही देशांनी मिळून हद्द मोजायची ठरवली. उत्तरेकडच्या वादाच्या पट्ट्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं, म्हणून दक्षिणेकडची शांत बाजू आधी घेतली. पहिले तीन दिवस तंबूत दोन्हीकडचे उपसचिव टाय लावून एकमेकांना फ्रेंचमध्ये कागद वाचून दाखवत होते. ह्यांचा नकाशा त्यांना मान्य नाही, त्यांचा ह्यांना. दोन्ही नकाशे काढले होते फ्रेंचांनीच, पण ते म्हणायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी कंटाळून मोजणीदारांची ओळख करून द्यायचं ठरलं.

"सांगारे," योरो उभा राहून म्हणाला.

पलीकडच्या बाकावरून एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस हळूच उठला. "सांगारे? म्हणजे फुलानी? आणि ह्या गुरंचोराला तुम्ही आमची हद्द मोजायला आणलंय? साहेब, आधी आपली खुर्ची जागेवर आहे का बघा."

मालीच्या उपसचिवांचा चेहरा पांढरा पडला. आता हा अपमान वर कळवावा लागणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. योरोनं मात्र त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुझं नाव?"

"मिलोगो."

"बोबो! तरीच. साहेब, काळजी करू नका, हा माझाच गुलाम आहे. माझ्या आजोबांच्या गोठ्यातून पळाला होता. आज सापडला."

आधी ड्रायव्हर हसले, मग स्वयंपाकी, मग पहाऱ्याचे शिपाई. शेवटी उपसचिवसुद्धा, जरा उशिरा आणि जरा कमी. त्या दिवसापासून काम जे सुरू झालं ते थांबलं नाही. दुपारी शिया नावाच्या तेलबियांच्या झाडाखाली चहा उकळायचा. योरो आंबट दुधात बाजरी कालवून खायचा, अन्सेल्म तळलेले सुरवंट काढायचा. एकदा अन्सेल्म झोपलाय असं बघून योरोनं एक सुरवंट तोंडात टाकला, आणि आवडला म्हणून आणखी तीन. अन्सेल्म डोळे न उघडता म्हणाला, "चौथा ठेव, तो माझा आहे." पुढची तेरा वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, सांगेन अशी धमकी मात्र दर पत्रात दिली. योरोच्या आयुष्यात सुखाचे दिवस बरेच आले, पण त्या तीन महिन्यांसारखे पुन्हा आले नाहीत, आणि ते त्याला तेव्हाच कळत होतं.

सतरा नंबरचा हद्दीचा दगड त्याच दिवसांतला. नकाशावरची रेघ एक वस्ती आणि तिची विहीर यांच्या मधून जात होती. वस्ती व्होल्टात, विहीर मालीत. दोरी ताणली तशा बायका घागरी घेऊन आल्या आणि सरळ दोरीवरच बसल्या. भांडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. दोन्हीकडचे साहेब जेवून गाडीत घोरत होते.

योरोनं विहिरीत डोकावून पाहिलं. "गुलामा, तुझ्या लोकांना विहीरसुद्धा आपल्या देशात खणता येत नाही का रे?"

"खणली तेव्हा देश नव्हता," अन्सेल्म म्हणाला.

मग योरोनं दगडाच्या जागेवरची खुंटी उपटली आणि दोनशे मीटर मालीच्या आत नेऊन ठोकली. "घे. तुझ्या बापजाद्यांनी माझ्या गाई राखल्या, त्याचं बक्षीस."

"थांब, आधी पाणी बघू दे," अन्सेल्म म्हणाला. "फुलान्यानं फुकट दिलेली विहीर कोरडीच असायची."

अहवालात "जमिनीच्या ठेवणीमुळे किरकोळ बदल" असं लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. साहेबांनी न वाचता केल्या. बायकांनी दोघांना पाणी पाजलं. हद्द आखणं म्हणजे काय, हे योरोला त्या दिवशी कळलं असं तो पुढे बरीच वर्षं सांगायचा.

मग आला पंच्याऐंशीचा डिसेंबर. उत्तरेच्या वादग्रस्त पट्ट्यात लढाई पेटली. सिकासोवरूनही विमान येऊन गेलं आणि धूर दिसेल म्हणून योरोच्या शेजारणीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी योरोच्या दारात जीप थांबली. आलेल्या माणसाकडे जुना अहवाल होता आणि बरोबर आवाज टिपायचं यंत्र.

"सतरा नंबर दोनशे मीटर आत कसा आला? सही तुमची आहे. आपली जमीन कुणी दिली?"

योरो निवृत्त झाला होता, पण थोरला मुलगा नुकताच सरकारी नोकरीत चिकटला होता. विहीर, घागरी, बायका, बक्षीस हे सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच सुकलं. पाच दिवसांच्या त्या लढाईत खरं बोलायला जेवढा धीर लागत होता तेवढा त्याच्याकडे नव्हता. त्यानं गळा साफ केला आणि संथ, स्वच्छ, सभ्य भाषेत सांगितलं की पलीकडचे मोजणीदार श्री. मिलोगो यांनी आमच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन दगड सरकवला. आधी फ्रेंचमध्ये सांगितलं, मग घरच्या भाषेत. रेडिओनं ते तीनदा ऐकवलं. रेडिओला हद्द कळत नाही. कूमीत तो सिकासोइतकाच स्वच्छ ऐकू येतो.

तेरा वर्षं त्यानं अन्सेल्मला चोर, गुलाम, दारूचा रांजण, काय काय म्हटलं होतं, आणि अन्सेल्मच्या अंगाला ते कधी लागलं नव्हतं. एकदाच त्याला "श्री. मिलोगो" म्हटलं, आणि सगळं संपलं.

लढाई थांबली. दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी मिठी मारली, वादाचा पट्टा दूरच्या न्यायालयावर सोपवला. जानेवारीच्या मध्याला बोबो-दिउलासोच्या गाड्या सुरू झाल्या. सालिमाता रोज म्हणायची, जा. योरो म्हणायचा, उद्या. उद्या, म्हणजे तो थोडा विसरला की. उद्या, म्हणजे मला शब्द सुचले की. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका ट्रकवाल्यानं अन्सेल्म गेल्याची बातमी आणली.

हद्दीवर गाडी थांबली. पलीकडच्या नाक्यावरच्या शिपायानं योरोचं ओळखपत्र उलटंसुलटं केलं. लढाईनंतर मालीच्या माणसांना इथं तासन्‌तास बसवून ठेवत होते.

"सांगारे. फुलानी. कशाला आलात?"

"मर्तिकाला. कूमीत. बोबोच्या."

शिपायाचा ताठ चेहरा क्षणात सैल झाला. "आधी सांगायचं ना! मी सानू. बोबोच आहे. गुरं कुठं लपवलीत? गाडीत नाहीत? मग मर्तिकाला रिकाम्या हातानं निघालास होय रे, भुक्कड? जा, जा. आणि आमच्या लोकांना नीट छळ, कसर ठेवू नकोस."

"गुलामा, बंदूक सरळ धर, दारू ओढायची नळी नाही ती," योरो म्हणाला. दोघं हसले. गाडीतले बाकीचे सुटकेचा श्वास टाकून हसले. पण योरोचं मन लगेच खाली बसलं. ह्या पोराला काय ठाऊक? त्याला फक्त आडनाव दिसलं. रेडिओ ऐकलेली माणसं पुढे आहेत.

कूमीत तो पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. लाकडी पट्ट्यांचे बालाफोन वाजत होते. मातीच्या माडीच्या घरांमधल्या चौकात झाडाच्या सावलीला गाव जमलं होतं आणि पानांचे मुखवटे घातलेले नाचे धूळ उडवत होते. अन्सेल्मची चटई, टोपी आणि मोजणीची साखळी मध्ये मांडून ठेवली होती. त्या चटईवर गावाची गुरं राखणारा एक म्हातारा फुलानी हातपाय पसरून पडला होता. "मी उठत नाही! माझा गुलाम मेला, आता माझी गुरं कोण राखणार? कोंबडी द्या, मगच उठतो." बायका त्याच्यावर राख उडवत होत्या, पोटं धरून हसत होत्या. म्हणजे नातं जिथल्या तिथं होतं. योरोला हायसं वाटलं.

तो चौकाच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं आवाज चढवला. "कुठाय तो सुरवंटखाऊ? सिकासोहून एवढी तंगडतोड करत आलो, आणि हा मेल्याचं सोंग घेऊन पडलाय होय? काम टाळायची जुनी सवय आहे त्याची!"

बालाफोन थांबले. कुणी हसलं नाही.

अन्सेल्मचा मुलगा मार्सेलँ, शाळामास्तर, गर्दीतून पुढे आला. धुतलेला शर्ट, हात मागे बांधलेले. तो फ्रेंचमध्ये बोलला, कचेरीतल्या फ्रेंचमध्ये. "सांगारेसाहेब, आपण आलात. हा आमच्या कुटुंबाचा सन्मान आहे. कृपा करून बसावं."

कुणीतरी खुर्ची आणली. साधी नव्हे, हाताची, गावात एकच असावी अशी. ती चौकाच्या मध्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. लाकडी तबकातून संत्र्याच्या सरबताची थंड बाटली आली, पेल्यासकट. बाकीचे बाकांवर, चटयांवर, जमिनीवर बसले होते. योरो खुर्चीत बसला. न बसून करतो काय?

"मास्तर," तो हसत म्हणाला, "तुझ्या बापानं माझ्या घरी कधी पेल्यातून काही प्यायलं नाही. तो थेट रांजणातच तोंड घालायचा."

"आपलं बरोबर आहे, साहेब," मार्सेलँ अदबीनं म्हणाला.

शिवीला उत्तर शिवीनं द्यायचं असतं; "बरोबर आहे" हे उत्तर नव्हतं. ते दार लावून घेणं होतं. मग अन्सेल्मचा थोरला भाऊ काठी टेकत आला, वाकला, आणि प्रवास सुखाचा झाला का, घरचे बरे आहेत का, मालीत पाऊसपाणी कसं आहे, हे सगळं एकामागून एक विचारून तसाच वाकून परत गेला. सगळ्यांत शेवटी अन्सेल्मची बायको फिलोमेन आली. हीच बाई पूर्वी योरो दारात दिसला की कालथा घेऊन धावायची आणि कोंबड्या झाकायला ओरडायची. आज तिनं गुडघा वाकवून त्याच्याशी हात मिळवला.

"आपण एवढ्या लांबून आलात, साहेब. आपले उपकार आहेत."

"फिलोमेन..." योरो म्हणाला. ती थांबली नाही.

तो बसून राहिला. पलीकडे चटईवरच्या म्हाताऱ्या फुलान्याला बायका पाय धरून ओढत होत्या, तो बोंबलत होता, आणि योरोला त्याचा इतका हेवा वाटला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पहिली बाटली संपली. लगेच दुसरी आली. कुणी त्याला हाकललं नाही, कुणी वाकडं बोललं नाही, कुणी मारलं असतं तर त्यानं मुकाट मार खाल्ला असता. परदेशातून आलेल्या पाहुण्याला देतात तेवढा मान त्याला मिळत होता. म्हणजे तो आता परदेशी होता. पाच दिवसांच्या लढाईत जे झालं नाही ते त्या एका रेडिओच्या निवेदनानं केलं होतं, आणि ते त्यानं स्वतः केलं होतं.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा तो उठला. हसवायचं की माफी मागायची हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं.

"ऐका," तो त्यांच्या भाषेत म्हणाला. "मी थट्टा करत नाहीये. तो दगड मिलोगोनं हलवला नाही. मी हलवला. खुंटी मी उपटली, मी ठोकली. बायकांना पाणी लांब पडू नये म्हणून. तो बघत उभा होता आणि आम्ही दोघं हसत होतो. रेडिओवर मी खोटं बोललो. मला भीती वाटली. माझ्या पोराच्या नोकरीची, माझ्या स्वतःच्या कातडीची. तो चोर नव्हता. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मला त्याला सांगायचं होतं, ते आता तुम्हाला सांगतो. झालं. आता मी जातो."

फिलोमेन हळूच खाली बसली, पदरासारखं डोक्यावरचं फडकं तिनं तोंडावर ओढलं, आणि तिचे खांदे हलू लागले. आपण हिला मर्तिकात रडवलं, हे काही फुलान्याचं काम नव्हे, असं योरोला वाटलं आणि तो निघायला वळला.

"मार्सेलँ," फडक्याआडून आवाज आला, "पैज हरलास तू. दुसरी बाटली संपायच्या आत उठला."

तिनं फडकं काढलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होती.

"आई, अर्धी संपली होती," मार्सेलँ म्हणाला, आणि त्याचा एवढा वेळ ताणलेला मास्तरी चेहरा एकदम फुटला. मग सगळा चौक फुटला. थोरला भाऊ काठी आपटत हसत होता. चटईवरचा म्हातारा फुलानी उठून बसला आणि विचारू लागला की झालं काय.

"सांगते," फिलोमेन उठली. "मरायच्या दोन दिवस आधी आम्हाला सगळ्यांना जवळ बोलावून सांगून गेलाय तो. म्हणाला, माझ्या मर्तिकाला तो गुरंचोर येईल. एकानंही शिवी द्यायची नाही. खुर्ची द्या. बाटलीतलं सरबत द्या. साहेब म्हणा. फ्रेंचमध्ये बोला. ह्यानं तो जेवढा मरेल तेवढा कशानंच मरणार नाही. बंदूक नको." ती योरोकडे वळली. "आता ऊठ... उठलाच आहेस. मग सर तिकडे, खुर्ची गावप्रमुखाची आहे, फुलान्याचा वास लागेल तिला. निर्लज्जा, दोन बाटल्या ढोसल्यास!"

"दीड," योरो म्हणाला. त्याला एवढंच सुचलं.

"आणि तुझ्या त्या रेडिओनं काय केलं ठाऊक आहे?" थोरला भाऊ म्हणाला. "इथल्या क्रांतिसमितीच्या पोरांनी अन्सेल्मला सभेत बोलावलं. शत्रूची दोनशे मीटर जमीन पळवणारा वीर म्हणून. टाळ्या, घोषणा. हा उभा राहिला आणि म्हणतो, मी काही पळवलं नाही, मला एका फुलान्यानं दिली. पोरं अशी नाराज झाली! घरी येऊन म्हणाला, तिकडचे मला चोर म्हणतात, इकडचेही चोरच म्हणतात, नुसतं जरा कौतुकानं. मी चोर नाही हे जगात एका गुरंचोरालाच माहीत आहे."

पुन्हा हशा पिकला. योरोही हसला. मग बायकांनी ओरडा केला की आता नक्कल कर, त्याशिवाय जेवण नाही. फिलोमेननं चटईवरची टोपी उचलली आणि त्याला बाहीला धरून घराच्या ओट्यावर नेलं. "इकडे ये. त्याचा सदरा पण घाल, नाहीतर कुणाची नक्कल करतोयस ते कळायचं नाही."

ओट्यावर सावली होती. ती सदऱ्याची बटणं लावून देत असताना योरोनं खाली बघूनच विचारलं, "रागावला होता का?"

"रागावला तो हरला. तो कशाला हरतोय?" फिलोमेन म्हणाली. मग तिचा आवाज बदलला; थट्टेचा राहिला नाही, सभ्यही नव्हता. "तो वाट बघत होता. सिकासोची गाडी दहाला येते. गाड्या सुरू झाल्या त्या दिवसापासून रोज सकाळी इथं, रस्त्याकडे तोंड करून बसायचा. कोणकोणत्या शिव्या द्यायच्या ते ठरवून ठेवलं होतं त्यानं. दहा वाजून गेले की आत जायचा. शेवटी शेवटी मी आणि मार्सेलँ उचलून आणून बसवायचो. एक्केचाळीस दिवस, फुलान्या. मी मोजले." तिनं शेवटचं बटण लावलं. "सिकासोहून इथं यायला किती वेळ लागतो?"

"सकाळी निघालं की दहाला इथं," योरो म्हणाला.

"चल. लोक थांबलेत."

तो चौकात उतरला. त्यानं टोपी अन्सेल्मसारखी मागे सारली, पोट पुढे काढलं, साखळी खांद्यावर टाकली आणि ठेंगण्या माणसाची ढांग टाकत चालू लागला. साखळी असो वा नसो, अन्सेल्मला पावलं मोठ्यानं मोजल्याशिवाय चालता यायचं नाही. बाजारात जाताना मोजायचा, चर्चमध्ये जाताना मोजायचा, आणि मध्ये कुणी बोलून चुकवलं की त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या पाच पावलांतच चौक हसायला लागला. "तोच! हुबेहूब तोच!" एक म्हातारी ओरडली. योरोनं दहाव्या पावलाला काल्पनिक दगडाला ठेच घेतली, विसाव्याला दारूच्या रांजणाकडे चोरून पाहिलं. पोरंबाळं त्याच्या मागून ढांगा टाकू लागली. तिसावं, पस्तिसावं. तो मोजत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं. चाळीस. एक्केचाळीस.

पाऊल तिथंच अडलं. पुढचा आकडा तोंडातून येईना.

लोकांना तीही नक्कलच वाटली. "अडला, अडला!" मार्सेलँ टाळ्या पिटत ओरडला. "गुरंचोरा, पुढचं येत नाही का? कितीपर्यंत शिकवलं होतं शाळेत?" सगळा चौक लोळत होता. ओट्यावर फिलोमेन खांबाला टेकून उभी होती. ती एकटी हसत नव्हती.

फुलान्यानं बोबोच्या मर्तिकात रडायचं नसतं. योरोनं टोपी पुढे, पार डोळ्यांवर ओढून घेतली, अन्सेल्मच्या आवाजात सगळ्या गावाच्या सात पिढ्यांना एक सणसणीत शिवी हासडली, आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.